बंद घरांची नोंद

मूल जन्मलं, एकदा रडलं आणि तासाभरात गेलं. त्याची नोंद कोणत्या रकान्यात जाते? नियम अगदी स्पष्ट आहे. जन्मल्यावर श्वास घेतला असेल, तर ते मूल जिवंत जन्मलं आणि मग गेलं. म्हणजे एक जन्म आणि एक मृत्यू, अशा दोन नोंदी व्हायला हव्यात. पण तेच मूल ‘उपजत मृत’च्या रकान्यात गेलं की सगळं एका ओळीत भागतं. मग अर्भकमृत्यूची चौकशी नाही, वरून विचारणा नाही. अर्भकमृत्यूचा दर ज्या दोन आकड्यांवरून काढतात, त्यांपैकी एकातही ते लेकरू नसतं.

माझं काम या रकान्यांचं आहे. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास हा माझा पेशा, आणि मेळघाटातलं सेमाडोह व त्याच्या आसपासची गावं हे माझं कामाचं क्षेत्र. परतवाड्याहून घाट चढायला लागलं की घटांगच्या पुढे जंगल दाट होत जातं आणि सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागतं. पर्यटकांना ते व्याघ्र प्रकल्पाच्या निवासासाठी माहीत असतं. माझ्यासारखीला ते प्राथमिक आरोग्य केंद्राचं गाव म्हणून माहीत. माखल्यासारख्या उंचावरच्या गावातून अडलेली बाई आधी इथे उतरवायची, इथे जमलं नाही तर घाट उतरून अचलपूर, आणि तिथेही नाही जमलं तर थेट अमरावतीचं डफरीन. हा रस्ता मी नकाशावर कितीदा तरी आखला आहे. प्रसूतीच्या कळा घेऊन त्या रस्त्याने जाणारी मी नाही, हे विसरून चालत नाही.

मी स्वतःला विचारते तो प्रश्न साधा आहे. ज्यांच्या लेकरांचे दंड मोजून माझं पोट भरतं, त्यांचं मी काय देणं लागते? शोधनिबंधाच्या शेवटी सहभागी कुटुंबांचे आभार मानायची पद्धत आहे. त्या दोन ओळींनी हे देणं फिटतं का? याचं उत्तर मला कुठल्या परिषदेत किंवा समितीपुढे द्यायचं नाही, म्हणूनच ते टाळणं फार सोपं आहे.

आधी मोजण्याच्या बाजूने जे खरं आहे ते म्हणायला हवं. मोजणं व्यर्थ आहे, असं म्हणून हात झटकणंही प्रामाणिक नाही. 1993 साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या आणि महाराष्ट्र हादरला. मुख्यमंत्री शरद पवार स्वतः मेळघाटात आले. शीला बारसे यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर 1995 साली आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना आली: गरोदर बाईला मातृत्व अनुदान, मानसेवी डॉक्टर, पावसाळ्याआधी धान्य पोचवणं, पाड्यावर स्वयंसेवक. हे सगळं होत असतानाही सरकारी नोंदींतले मृत्यू आणि गावातले मृत्यू यांत मोठं अंतर होतं. ते अंतर उघडं पडलं मोजल्यामुळेच. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांनी राज्यभरच्या तेरा संस्थांना बरोबर घेऊन घरोघरी जाऊन बालमृत्यू मोजले, आणि ‘कोवळी पानगळ’ या नावाने तो हिशेब लोकांपुढे मांडला. नोंदीत आलेल्यांपेक्षा न आलेली लेकरंच कितीतरी जास्त निघाली. पुढे सरकारने त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि 2005 साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. जे लेकरू नोंदीतच नाही, त्याच्यासाठी कोणी योजना आखत नाही. त्यामुळे मोजणं हे न्यायाचं पहिलं पाऊल आहे, हे मी आजही मानते.

पण दुसरं पाऊल कुणी टाकायचं? माझ्या पेशात याचं उत्तर ठरलेलं आहे: आम्ही निष्कर्ष देतो, अंमलबजावणी शासनाची. हे वाक्य ऐकायला रास्त वाटतं. मीही ते वापरते. आणि ते म्हणताना आतून दर वेळी थोडं अवघडायला होतं.

सेमाडोहजवळच्या एका अंगणवाडीत एकदा दंडघेर मोजत होतो. दंडघेराची पट्टी म्हणजे कागदाएवढी पातळ रंगीत फीत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळायची, फार आवळायची नाही, सैल सोडायची नाही, आणि खिडकीतून आकडा वाचायचा. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, त्याच्या वर साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. एका लेकराचा आकडा पिवळ्यात आला. मी तो सांगितला, सोबतच्या मुलीने लिहून घेतला, आणि पट्टी काढली. तेव्हा त्याच्या आईने आपला अंगठा आणि मधलं बोट त्याच दंडाभोवती धरलं, बोटांची टोकं किती चढतात ते पाहिलं, आणि गावच्या आशा स्वयंसेविकेला, आशाताईला, कोरकूत, म्हणजे तिच्या भाषेत, काहीतरी सांगितलं. आशाताई म्हणाली, “मॅडम, ते म्हनते, आखाडात याच्यापेक्षा बारीक होता. बोटं अर्धी चढत होती. दिवाळीपासून भरला. आता कामाले गेलो का पुन्हा उतरन.”

या वाक्यात काय काय होतं ते मी नंतर मोकळेपणी मांडून पाहिलं. त्या बाईकडे वर्षभराची मोजमापं होती. माझ्याकडे एका दिवसाची. पावसाळ्यात लेकरू किती उतरतं हे तिला ठाऊक होतं, सुगीनंतर किती सावरतं हेही, आणि पुढे काय होणार हेसुद्धा. माझ्या तक्त्यात ते लेकरू ‘मध्यम कुपोषित’ म्हणून गेलं, आणि चार अक्षरांच्या संकेताखाली कायमचं बसलं. तिच्या हिशेबात ते सावरलेलं लेकरू होतं, आणि धोका पुढे होता. दोघींपैकी धोरण ठरवायला कुणाची माहिती जास्त उपयोगाची? तिची. आणि मुंबईला कुणाची जाते? माझी.

आमच्या पाहण्या केव्हा होतात, ते पाहा. निधी मंजूर व्हायला उन्हाळा सरतो. माणसं नेमून त्यांना शिकवेपर्यंत पाऊस लागतो. पावसात नाल्यांना पूर येतो, घाटात दरड कोसळते, गाडी अडकते. म्हणून पाहणी दिवाळीनंतर ठरते. हवा चांगली, रस्ते मोकळे, मार्चअखेरच्या आत खर्च दाखवायला पुरेसा वेळ. मेळघाटातली सगळ्यात जास्त लेकरं जातात ती जुलै ते सप्टेंबरच्या काळात. घरातलं धान्य संपलेलं असतं, आई निंदणीला गेलेली असते, पाणी गढूळ असतं, हगवण आणि न्यूमोनिया घरोघरी असतो, आणि नेमका तेव्हाच रस्ता बंद असतो. आम्ही त्याच काळात तिथे नसतो.

बरं, दिवाळीनंतर जातो तेव्हा तरी कोण भेटतं? सेमाडोहच्या आसपासच्या कुठल्याही ढान्यावर, म्हणजे पाड्यावर, हिवाळ्यात जाऊन पाहा, रांगेत दोन-चार घरं कुलपात असतात. ती माणसं खाली गेलेली असतात. अचलपूर, अंजनगाव, अकोट, दर्यापूरकडे कापूस वेचणीला, तुरीच्या-हरभऱ्याच्या काढणीला, वीटभट्टीवर. लेकरं सोबतच असतात, कारण मागे सांभाळायला कोण? ती परततात होळीला. कोरकूंची होळी म्हणजे वर्षाचा सण. त्याला माणूस कुठूनही घरी येतोच. आमच्या अर्जात अशा घरासाठी एक संकेत असतो: घर बंद. एकदा-दोनदा फिरून यायचं, नाहीच भेटलं तर हा संकेत टाकून पुढे जायचं. पुष्कळ लहान पाहण्यांत तर शेजारचं घर घेण्याची मुभा असते.

आता विचार करा, ते घर बंद का आहे? घरात खायला पुरेसं असतं तर ते उघडं असतं. ज्याची जमीन अधिक, ज्याच्याकडे दोन जनावरं जास्त, ज्याला गावातच मजुरी मिळाली, तो घरी भेटतो. म्हणजे बंद घरं गाळून जी सरासरी निघते, ती मेळघाटातल्या त्यातल्या त्यात बऱ्या घरांची सरासरी असते. तीच सरासरी घेऊन आम्ही सांगतो की परिस्थिती इतकी सुधारली किंवा इतकी बिघडली. पुढे ही सरासरी जिल्ह्याच्या सरासरीत मिसळते. अमरावती जिल्ह्यात चौदा तालुके आहेत, मेळघाट त्यातले दोन, धारणी आणि चिखलदरा. मोर्शी-वरूडच्या संत्र्याच्या बागांतली सुखवस्तू घरं आणि माखल्याची घरं एका आकड्यात बसवली की तो आकडा कुणाचाच राहत नाही.

मी परतवाड्याची. लहानपणापासून गावाबाहेरच्या भट्ट्यांवर कोरकू कुटुंबं पाहत आले. भट्टीच्या कडेला विटा रचून केलेली कंबरभर उंचीची खोपटी, वर पाचट, समोर तीन दगडांची चूल, आणि धुळीत खेळणारं लेकरू. म्हणजे सेमाडोहला जाऊन मी ज्या घराला ‘बंद’ म्हणून पुढे जाते, त्या घरातली माणसं माझ्या घराच्या मागच्या रस्त्याला असतात. त्यांना शोधायला घाट चढायचीही गरज नाही. हे कळायला कुठला अभ्यास लागत नाही, डोळे उघडे असले की पुरे. मग माझ्या अभ्यासाने त्यांना पाहिलं का नाही? कारण अभ्यासाचा आराखडा गावावर बेतलेला होता, माणसावर नाही. भट्टीवरचं लेकरू मेळघाटच्या यादीत गैरहजर असतं, आणि सपाटीवरच्या अंगणवाडीच्या यादीत त्याचं नावच नसतं. तिथल्या सेविकेने मनात आणलं तर ती त्याला उसळीचा वाडगा देते, पण तिच्या महिन्याच्या अहवालात त्याला जागा सापडत नाही.

इथे माझ्यापुरता एक निवाडा मी केला आहे. मेळघाटात कुपोषण आहे, हे सिद्ध करणारी आणखी एक पाहणी कुणालाच नको आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2015-16 च्या फेरीत महाराष्ट्रातली उंचीच्या मानाने कमी वजनाची मुलं 25.6 टक्के होती. 2019-21 च्या फेरीतही 25.6 टक्केच. खुज्या मुलांचं प्रमाण 34.4 वरून 35.2 टक्क्यांवर गेलं. हे साऱ्या राज्याचे आकडे आहेत, ज्यात पुणे आहे, मुंबई आहे. दुखणं आहे की नाही हा वाद संपलेला आहे.

आणि उपायांबद्दल आपण अंधारात आहोत, असंही नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली: श्वास अडकला तर काय करायचं, बाळ थंड पडू नये म्हणून कसं गुंडाळायचं, जंतुसंसर्गाची खूण कोणती. त्यांचा निबंध 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. 2011 साली देशाने ती पद्धत स्वीकारली. आज सेमाडोहची आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, ती त्याच संशोधनामुळे. मेळघाटात पुण्याच्या मैत्री संस्थेचे स्वयंसेवक 1997 पासून भर पावसाळ्यात येऊन राहतात, याच हंगामात लेकरं जातात हे ओळखून. उतावलीला डॉ. आशिष सातव आणि डॉ. कविता सातव यांच्या ‘महान’ या संस्थेने घरी जाऊन केलेल्या बालआरोग्य सेवेची रीतसर चाचणी मेळघाटातल्याच गावांत घेतली. बैरागडचे डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी इथे आयुष्य काढलं, आणि डॉक्टर असून ते शेतीकडे वळले, कारण औषधाने भूक भागत नाही, हे त्यांनी रोज पाहिलं. 2015 साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं ताजं जेवण मिळतं, मुलांना अंडी मिळतात.

म्हणजे काय करायचं ते ठाऊक आहे. मग माझ्यासारखीने कशावर अभ्यास करावा? जे ठाऊक आहे ते माखल्याला पावसाळ्याच्या आठवड्यात का पोचत नाही, यावर. अंडी घेऊन येणारी गाडी कुठल्या नाल्याला थांबते, आणि अंडी आली नाहीत त्या दिवशी सेविका काय करते? स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद भरलं जातं आणि पुन्हा रिकामं होतं, ते नेमकं कशामुळे: घर नाही, मुलांची शाळा नाही, की दोन डॉक्टरांचं काम एकट्यावर पडतं म्हणून? आशाताईचे सहाच्या सहा फेरे पूर्ण झाले की तिला अडीचशे रुपये मिळतात. तो चौदाव्या दिवसाचा फेरा पुरात कसा होतो? बाळंतीण माहेरी गेली असेल तर कोणाच्या वहीत? या प्रश्नांना वजन आहे. पण यावरचे निबंध मोठ्या नियतकालिकांत फारसे छापले जात नाहीत, त्यावर बढती मिळत नाही, आणि त्यातून निघणारी उत्तरं एखाद्या कार्यालयाला झोंबतात. इथेच माझ्या सदसद्विवेकाची खरी कसोटी आहे. मी प्रश्न निवडते तो गावाला हवा म्हणून, की माझ्या नावावर शोभेल म्हणून?

संमतीचीही एक गोष्ट आहे, आणि ती मला जास्त खोलवर बोचते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की माणसाने समजून-उमजून, कुठल्याही दबावाशिवाय होकार द्यावा, आणि अभ्यासाचे निष्कर्ष त्या समाजापर्यंत परत पोचावेत. आम्ही संमतीपत्र मराठीत नेतो. समोरची बाई कोरकू बोलते. ती भाषा मुंडा कुळातली, मराठीशी तिचं दूरचंही नातं नाही. आशाताई दोन वाक्यांत समजावते, बाई मान हलवते, अंगठा उमटतो. त्या वेळी बाजूला अंगणवाडी सेविका उभी असते, जिच्याकडून या बाईच्या लेकराला आहार मिळतो. ‘नाही’ म्हणायला तिला जागा कुठे आहे? कागद नियमाने पूर्ण असतो. मी तरी त्याला होकार म्हणते का? मनापासून विचारलं तर नेहमी म्हणता येत नाही. निष्कर्ष परत नेण्याचं तर विचारूच नका. अहवालाच्या प्रती मंत्रालयात जातात, जिल्हा परिषदेत जातात, विद्यापीठात जातात. ज्या अंगणवाडीत दंड मोजले, तिथे बसून ‘तुमच्या गावाचं हे असं निघालं’ असं कोरकूत सांगणारं माणूस पाठवायला अंदाजपत्रकात रक्कम ठेवलेली मी क्वचितच पाहिली आहे. हे फार खर्चाचं काम नाही. दोन दिवस, एक दुभाषी, एक सतरंजी.

आणि कारणांच्या यादीत आम्ही सगळ्यात सहज काय लिहितो? अंधश्रद्धा. लेकराचं पोट फुगलं की भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे नेतात, तो तापल्या विळ्याने पोटावर चटके देतो, आणि मग मूल मरणाच्या दारात दवाखान्यात येतं. हे घडतं. मी चटके दिलेलं पोट पाहिलं आहे आणि ती प्रथा बंदच व्हायला हवी, याबद्दल माझ्या मनात किंचितही शंका नाही. पण ‘अंधश्रद्धा’ हा शब्द लिहिला की चौकशी थांबते, आणि दोष आईच्या पदरात पडतो. भूमका तिच्याच ढान्यावर राहतो. मध्यरात्री उठवला तरी उठतो. तिची भाषा बोलतो, तिला रागावत नाही, मजुरी बुडवून तीन तास रांगेत बसवत नाही. या पाच गोष्टींपैकी किती आपला दवाखाना देतो, हे आधी विचारावं आणि मग तिच्या श्रद्धेचा निकाल लावावा. भूमकांना सोबत घेऊन, रुग्ण केंद्राकडे पाठवायला शिकवण्याचे प्रयत्न मेळघाटात झाले आहेत. त्यात मला शहाणपण दिसतं.

मुलांच्या मृत्यूंबद्दल मी इतकं लिहिते, तेव्हा आणखी एका गोष्टीची टोचणी असते. न्यायालयाने मुलांचं विचारलं, वर्तमानपत्रांनी मुलांचं विचारलं, म्हणून आम्हीही मुलांचंच मोजलं. पण तिशी-चाळिशीतला बाप क्षयाने जातो, तेव्हा त्या घरातलं पुढचं लेकरू कुपोषितच होणार असतं. ‘महान’ संस्थेने मोठ्या माणसांच्या मृत्यूंकडे लक्ष वेधलं, हे त्यांचं मोठं काम. बाकी बहुतेकांच्या तक्त्यांत पाच वर्षांवरचा माणूस फक्त ‘कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय’ या रकान्यापुरता असतो.

भूक कुठून येते, या प्रश्नावर आरोग्यशास्त्राने हात वर करू नयेत. 1974 साली मेळघाट देशाच्या पहिल्या व्याघ्र प्रकल्पांत गेलं. जंगल राखलं गेलं, ते चांगलंच झालं; पण कंद, मोह, तेंदू, मासे, मध यांवर चालणारी घरं हळूहळू मजुरीवर आली. कोदो-कुटकीच्या शेतात सोयाबीन आलं. सोयाबीन बाजारात जातं आणि कोदो घरात राहत होतं, हा फरक ताटात दिसतो. उलट दिशेचा एक दाखलाही आपल्याच जिल्ह्यात आहे. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला 2012 साली सामूहिक वनहक्क मिळाला. खोज संस्थेची साथ होती. उजाड डोंगर गावाने राखला, सीताफळं लावली, ती विकली, आणि बाहेर कामाला जाणाऱ्यांची संख्या घटली. 2014 साली त्या गावाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. पुरस्कार वनव्यवस्थापनासाठी होता. मी मात्र पायविहीरकडे आरोग्याचं धोरण म्हणून पाहते, कारण तिथे घरं उघडी राहिली. घर उघडं राहिलं की लेकरू अंगणवाडीत जातं, त्याचं वजन दर महिन्याला होतं, लस वेळेवर टोचली जाते, आणि आशाताईला बाळंतीण सापडते.

एवढं सगळं स्वतःला विचारून झाल्यावर पेशा सोडावा, असं मला वाटत नाही. सोडला तर त्या रकान्यांवर नजर ठेवणारं एक माणूस कमी होईल, आणि तासाभराचं आयुष्य जगलेलं लेकरू आणखी सहज ‘उपजत’मध्ये जाईल. पण मी काही गोष्टी स्वतःवर बंधनकारक करून घेतल्या आहेत. पावसाळ्यात जाता येणार नसेल, तर मेळघाटच्या कुपोषणावर अभ्यास हाती घ्यायचा नाही. निष्कर्ष गावात सांगण्याचा खर्च मंजूर नसेल, तर प्रस्तावावर सही करायची नाही. आणि घर बंद असेल तर त्याच्या जागी शेजाऱ्याचं घर लिहायचं नाही. ते माणूस कुठे गेलं ते विचारायचं, आणि तिथवर जायचं.

हे शेवटचं काम माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही. स्थलांतरित मुलांचा माग ठेवायची व्यवस्था राज्याच्या महिला व बालविकास विभागाने आणली आहे, पण भट्टीवर कोण आलं हे यंत्राला आपोआप कळत नाही. ते भट्टीच्या शेजारी राहणाऱ्याला कळतं. म्हणून सपाटीवरच्या वाचकांना, अचलपूर, परतवाडा, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, दर्यापूरकडच्या माझ्या माणसांना हात जोडून सांगते. दिवाळीनंतर तुमच्या शिवारात, तुमच्या बागेत, गावाबाहेरच्या भट्टीवर मेळघाटातलं कुटुंब उतरलं, की आपल्या वॉर्डातल्या अंगणवाडीताईला आणि आशाताईला त्याच आठवड्यात कळवा. सोबत पाच वर्षांखालचं मूल आहे का, कुणी गरोदर आहे का, एवढंच सांगा. मजुरांना कामावर घेणाऱ्या शेतकऱ्याने आणि भट्टीमालकाने त्या बाईला वजनाच्या आणि लसीच्या दिवशी अर्ध्या दिवसाची मजुरी न कापता सोडावं. आणि सेविकाताई, त्या लेकराचं कार्ड नसेल, नाव यादीत नसेल, तरी आधी त्याचं वजन करा, त्याला खाऊ घाला, आणि मग त्याच्या गावच्या सेविकेला फोन लावा.

तो फोन सेमाडोहला लागला, की तिथल्या वहीतलं एक बंद घर उघडतं.